पडला, उठला, पुन्हा बर्फावर

मागच्या हिवाळ्यात आण्णा कोल्हापूरहून आमच्याकडे मिसिसागाला आले होते. शनिवारची रात्र म्हणजे कॅनडात घरोघरी हॉकी, तशी आमच्याकडेही टीव्हीवर लागली होती. एक बचावपटू पक, म्हणजे बर्फावर घसरणारी रबरी चकती, घ्यायला कोपऱ्यात गेला आणि मागून आलेल्या दोघांनी त्याला कडेच्या फळीवर दाबला. हेल्मेट काचेवर आपटल्याचा आवाज टीव्हीतूनही ऐकू आला. तो गुडघ्यावर बसला, उठला, बाकावर गेला, पाणी प्यायला आणि थोड्या वेळात पुन्हा बर्फावर उतरला. समालोचक त्याच्या जिद्दीचं भरभरून कौतुक करत होता. आण्णांनी तरुणपणी तालमीत माती अंगाला लावलेली, त्यांचा डावा कान अजून मोडलेला आहे. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, ह्याला कुणी बाहेर काढत न्हाई काय गं? त्याचे डोळे बघितलेस?"

मी डोळे बघितले नव्हते. अठरा वर्षं या देशात राहून मीही समालोचकासारखीच बघायला शिकले होते. पडला, उठला, शाबास.

त्या रात्रीपासून मला स्टीव्ह माँटाडोर हा हॉकीपटू आठवत राहिला. तो आमच्याच गावचा. जन्म १९७९ साली व्हँकूव्हरला, पण वाढला मिसिसागात. इथल्याच रिंकांवर भल्या पहाटे आईबापांनी सोडलेल्या पोरांपैकी एक. एनएचएल ही कॅनडा-अमेरिकेतली सर्वांत मोठी व्यावसायिक आइस हॉकी लीग. तिच्या निवडीत त्याचं नाव कुणी घेतलं नाही. दरवर्षी अठरा वर्षांच्या शेकडो मुलांची नावं पुकारली जातात, त्यांत हा नव्हता. २००० साली कॅल्गरी फ्लेम्सनं त्याला करारावर घेतलं आणि पुढं दहा हंगाम तो या लीगमध्ये टिकला. कॅल्गरी, फ्लोरिडा, अनाहाइम, बॉस्टन, बफेलो, शिकागो असे सहा संघ. एकूण ५७१ सामने आणि ३३ गोल. पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे नियम मोडल्याबद्दल शिक्षा म्हणून बाहेर बसून, काढलेली मिनिटं मात्र ८०७. २००४ मध्ये कॅल्गरीचा संघ स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपर्यंत गेला, तेव्हा सॅन होजेविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या सामन्यात जादा वेळेत विजयी गोल यानंच मारला होता. त्या एका रात्री तो नायक झाला. बाकीची सगळी वर्षं तो कामकरी होता.

हे काम नेमकं काय असतं, ते मराठी वाचकाला सांगायला हवं, कारण आपल्याकडं हॉकी म्हणजे हिरवं मैदान आणि ध्यानचंद. इथं बर्फाचा रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, भोवती फळ्या आणि काच. खेळाडू एका वेळी पाऊण मिनिटभर खेळतो आणि बाकावर येतो, दुसरा उतरतो. त्या पाऊण मिनिटात जीव तोडून स्केटिंग. पक हा कडक रबराचा, गोठवलेला, सुमारे १७० ग्रॅमचा. आपल्या गोलरक्षकाकडं तो सुटला की मध्ये आडवं पडायचं, पोटरीवर, बरगडीवर, हातावर घ्यायचा. कोपऱ्यात पक अडकला की समोरच्याला अंगानं फळीवर रेटून तो मोकळा करायचा. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी धक्का दिला तर जाऊन त्याची कॉलर धरायची. वेळ आली तर हातमोजे टाकून उघड्या मुठींनी मारामारी करायची. आणि हे एका हंगामात ऐंशीहून जास्त वेळा. गोल मारणाऱ्याचं नाव फलकावर लागतं. आडवं पडणाऱ्याची नोंद दुसऱ्या दिवशी त्याच्या गुडघ्यात असते.

अशा खेळाडूला इथं 'ग्राइंडर' म्हणतात, म्हणजे दळणारा. हे फार प्रेमानं म्हटलं जातं. प्रशिक्षक लहान मुलांना सांगतात की गुणवत्ता देवानं दिली नसली तरी कष्ट तुमच्या हातात आहेत. मीही माझ्या मुलाला हेच सांगत आले, त्यात खोटं काही नाही. पण जात्याचा विचार केला की मला कायम दुसरी बाजू दिसते. दळणारा कुणी वेगळाच असतो, हे खेळाडू पाळ्यांच्या मधले दाणे असतात. आणि सुपातले दाणे, म्हणजे दुय्यम लीगमधली विशीतली पोरं, आपली पाळी कधी येते याची वाट बघत असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. अंगमेहनतीनं खेळणाऱ्या हॉकीपटूचं आपण जे कौतुक करतो, त्या कौतुकाच्या आड लीग आणि मालक एक देणं चुकवत आहेत. या माणसांच्या मेंदूला होणारी इजा हा त्यांच्या धंद्याचा आजार आहे. खाण कामगाराच्या फुप्फुसाचा आजार जसा खाणीचा, तसा हा लीगचा. त्याची जबाबदारी कायद्यानं आणि करारानं लीगवर असायला हवी, हयातभर.

स्टीव्हच्या शेवटच्या वर्षांकडं बघा. २०११ मध्ये शिकागो ब्लॅकहॉक्सनं त्याच्याशी चार वर्षांचा, एक कोटी दहा लाख डॉलरचा करार केला. २०१२ मध्ये अवघ्या बारा आठवड्यांत त्याला चार वेळा कन्कशन, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदूला इजा, झालं, असं त्याच्या वडिलांनी पुढं लीगविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात म्हटलं आहे. एनएचएलमध्ये तो त्यानंतर खेळला नाही. २०१३ मध्ये संघानं उरलेला करार पैसे देऊन मोडीत काढला. तो क्रोएशियात झाग्रेबच्या संघाकडून काही सामने खेळला आणि घरी परतला. १५ फेब्रुवारी २०१५ रोजी मिसिसागातल्या घरी तो मृतावस्थेत सापडला. वय ३५. काहीच दिवसांनी त्याचा मुलगा जन्मला. टोरोंटोच्या डॉक्टरांनी मेंदू तपासला, तेव्हा त्यात सीटीई आढळला.

सीटीई म्हणजे डोक्याला वर्षानुवर्षं बसत राहिलेल्या धक्क्यांमुळं होणारा मेंदूचा ऱ्हास. टाउ नावाचं प्रथिन बिघडून मेंदूच्या पेशींत साचत जातं. विसरभोळेपणा, चिडचिड, नैराश्य, स्वतःवरचा ताबा सुटणं या गोष्टी अशा मेंदूच्या माणसांत वारंवार दिसल्या आहेत. खात्रीचं निदान मात्र आज तरी मृत्यूनंतर, मेंदू उघडल्यावरच होतं. म्हणजे ज्याला हा आजार आहे त्याला तो कधीच पुराव्यानिशी सांगता येत नाही. डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, नाव आठवत नाही असं तो सांगतो, आणि ऐकणाऱ्याला तो खचलेला किंवा व्यसनी माणूस वाटतो.

या विषयावर बोलताना लोक लगेच मारामाऱ्यांवर येतात, आणि ते स्वाभाविक आहे. २०११ चा उन्हाळा इथं कुणी विसरलेलं नाही. मे महिन्यात डेरेक बूगार्ड गेला, २८ वर्षांचा, दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या अतिसेवनानं. सस्कॅचेवानमधल्या पोलिसाचा हा सहा फुटांहून कितीतरी उंच मुलगा. एनएचएलमध्ये २७७ सामने खेळला, त्यात गोल तीन. त्याला ठेवलाच होता मुठींसाठी. डिसेंबर २०१० मध्ये ओटावाविरुद्ध एका मारामारीत तो कोसळला, तो त्याचा शेवटचा सामना ठरला. त्याच्या मेंदूतही सीटीई होता. त्याच ऑगस्टमध्ये रिक रिपियन आणि वेड बेलाक हे दोघे गेले, तेही मुठी चालवणारेच. त्याआधी एक वर्ष बॉब प्रोबर्ट ४५ व्या वर्षी हृदय बंद पडून गेला. पेनल्टीची ३३०० मिनिटं त्याच्या नावावर, आणि मेंदूत तोच आजार. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अर्धशतकाहून जास्त काळातल्या खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. अशा मारामारी करणाऱ्या खेळाडूंपैकी जे वारले, ते त्यांच्यासारख्याच इतर खेळाडूंच्या तुलनेत सरासरी दहा वर्षं आधी गेले, आणि त्यांच्यात आत्महत्या व अमली पदार्थांमुळं झालेले मृत्यू जास्त होते.

मारामारीचं समर्थन करणारे म्हणतात की ती खेळातली पोलिसगिरी आहे. मुठीची भीती नसली तर आडदांड खेळाडू ताऱ्यांचे गुडघे फोडतील. मला हे पटत नाही. ऑलिंपिकमध्ये मारामारी केली की बाहेर जावं लागतं. अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीतही तेच. तिथं खेळ बेभान झाल्याचं दिसत नाही, उलट ऑलिंपिकची हॉकी लोक डोळ्यांत प्राण आणून बघतात. क्वेबेकच्या मेजर ज्युनियर लीगनं २०२३ पासून मारामारी करणाऱ्याला सामन्यातून काढायला सुरुवात केली. एनएचएलमध्ये शिक्षा अजून पाच मिनिटांची. पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसा आणि परत या. ही शिक्षा नव्हे, परवाना आहे. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी मॉन्ट्रियलमध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्या सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या, आणि ती स्पर्धा एनएचएलनं खेळाडूंच्या संघटनेसोबत भरवलेली होती. त्या रात्री आमच्या रस्त्यावरच्या घराघरांतून आरोळ्या येत होत्या. माझा मुलगाही उड्या मारत होता. दिवस १५ फेब्रुवारीचाच होता. स्टीव्हला जाऊन त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती, आणि पुढच्या कितीतरी दिवसांत त्याची आठवण काढणारं कुणी मला भेटलं नाही.

मारामारी बंद झाली पाहिजे, पण तेवढ्यानं भागणार नाही. माँटाडोर मुळात मारामारीसाठी ठेवलेला माणूस नव्हता. तो बचावपटू होता, वेळ आली की मूठ उगारायचा, पण त्याचं आयुष्य गेलं कोपऱ्यात, फळीवर, पकच्या आड. बोस्टन विद्यापीठानं २०२४ च्या अखेरीस ७७ दिवंगत हॉकीपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून जास्त मेंदूंत सीटीई होता, आणि खेळाच्या प्रत्येक वाढत्या वर्षामागं तो असण्याची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढत असल्याचं दिसलं. हे मेंदू कुटुंबीयांनी काहीतरी बिघडलंय असं वाटल्यामुळंच दान केलेले असतात, त्यामुळं सगळ्या हॉकीपटूंचं प्रमाण एवढं आहे असं कुणीही म्हणू नये. पण वर्षं वाढतील तशी शक्यता वाढते, ही गोष्ट मला त्या निम्म्याच्या आकड्याहून जास्त अस्वस्थ करते. कारण टिकून राहणं, दहा हंगाम, बारा हंगाम रेटणं, हाच तर ग्राइंडरचा मोठेपणा आपण मानतो.

यावर जो आक्षेप मला मनापासून जड वाटतो, तो पैशाचा आहे. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी तो माझ्यासमोर फार स्पष्टपणे मांडला. ते स्वतः आयुष्यभर ट्रक चालवतात, पाठ गेलेली आहे. ते म्हणाले, "ताई, त्यांना कोटी मिळाले, मला काय मिळालं? त्यांनी स्वतःहून निवडलं ना?" त्यांच्या पाठीसमोर उभं राहून कोट्यधीश खेळाडूची बाजू मांडणं सोपं नाही. तरीही मला ती मांडायची आहे. पगार हा कामाचा मोबदला असतो, लपवलेल्या धोक्याचा नसतो. आपण काय विकतोय हे ठाऊक असेल तरच विकणाऱ्यानं निवड केली असं म्हणता येतं. विसाव्या वर्षी कराराच्या टेबलाशी बसलेल्या मुलाला गुडघा जाईल, दात जातील हे माहीत असतं. पस्तिशीत आपल्याला आपलं घर ओळखू येणार नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शिवाय कोटींचा करार थोड्यांनाच मिळतो. रॉबिन बावा आठवा, एनएचएलमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. ब्रिटिश कोलंबियातल्या डंकनचा हा पंजाबी कुटुंबातला मुलगा अंग झोकून खेळणारा होता. त्याला एनएचएलचे ६१ सामने मिळाले, बाकी कारकीर्द दुय्यम लीगच्या बसप्रवासात गेली, आणि ती संपली ती डोक्याच्या दुखापतीनं. जात्यात पडलेले बहुतेक दाणे बावासारखे असतात. आणि ट्रक चालवणाऱ्या काकांच्या पाठीचा न्याय झाला नाही म्हणून हॉकीपटूच्या डोक्याचाही होऊ नये, असं कसं म्हणायचं? दोघांचाही व्हायला हवा.

लीगनं काय केलं? २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये एनएचएलनं ३१८ माजी खेळाडूंशी १ कोटी ८९ लाख डॉलरची तडजोड केली. माणशी सुमारे २२,००० डॉलर हातात, शिवाय तपासणी आणि ठरावीक मर्यादेपर्यंत उपचार. चूक कबूल केली नाही. अमेरिकन फुटबॉलच्या लीगनं अशाच प्रश्नावर सुमारे एक अब्ज डॉलरची तडजोड केलेली होती. २२,००० डॉलर ही रक्कम इथं एखाद्या साध्या मोटारीची. हॉकी आणि सीटीई यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, अशी भूमिका लीगचे प्रमुख, कमिशनर गॅरी बेटमन वर्षानुवर्षं घेत आले आहेत. २०१९ मध्ये कॅनडाच्या संसदेच्या उपसमितीसमोरही त्यांनी ती सोडली नाही. त्यांचा एक आवडता दाखला टॉड यूवेनचा होता. २०१५ मध्ये आत्महत्या केलेल्या या खेळाडूला आपल्याला सीटीई झालाय अशी भीती होती, पण पहिल्या तपासणीत तो आढळला नाही. बघा, उगाच घाबरवलेली माणसं जीव देतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. २०१८ मध्ये बोस्टनच्या डॉक्टर ॲन मॅकी यांनी त्याचा मेंदू पुन्हा तपासला. त्यात सीटीई होता.

शास्त्रज्ञ शंभर टक्के खात्री देईपर्यंत थांबू, हे म्हणणं हॉकीत जुनं आहे. मिनेसोटा नॉर्थ स्टार्सचा बिल मास्टर्टन १३ जानेवारी १९६८ रोजी हेल्मेटशिवाय डोक्यावर पडला आणि दोन दिवसांनी वारला. एनएचएलच्या सामन्यातल्या दुखापतीनं थेट मृत्यू आलेला तो एकमेव खेळाडू. त्याच वर्षी लीगनं त्याच्या नावानं चषक सुरू केला, चिकाटी, खिलाडूवृत्ती आणि हॉकीवरच्या निष्ठेसाठी. नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं झालं १९७९ मध्ये. चषक लगेच, हेल्मेट अकरा वर्षांनी. या दोन तारखा मी कधीच विसरू शकत नाही.

लीगचा मोठा तारा सिडनी क्रॉस्बी याला जानेवारी २०११ मध्ये डोक्याला मार बसला, तेव्हा तो दहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिला. फार योग्य झालं. त्याच मार्चमध्ये लीगनं नियम कडक केले, संशय आल्यास खेळाडूला शांत खोलीत नेऊन डॉक्टरनं तपासायचं ठरलं. पण क्रॉस्बीची जागा क्रॉस्बीसाठी राखलेली असते. शेवटच्या, तिसऱ्या जोडीतल्या बचावपटूची जागा दोन आठवड्यांत दुसऱ्याची होते. म्हणून तो डॉक्टरला सांगतो, मी बरा आहे. तपासणारा डॉक्टर संघाचा, पुन्हा खेळायची परवानगी देणाराही संघाचा. २०१६ पासून लीगची माणसं सामना बघून खेळाडूला तपासणीला पाठवू शकतात, हे पाऊल चांगलं आहे, पण पुढचा निर्णय संघाच्याच दारात येतो. आण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचा वस्ताद पोराला कानाला धरून हौद्यातनं बाहेर काढायचा. पोरगं रडायचं, पाया पडायचं. पण त्या पोराच्या कुस्तीवर वस्तादाचं पोट नव्हतं. म्हणून त्याला काढता यायचं."

मला याहून चांगला युक्तिवाद सापडलेला नाही. डॉक्टर स्वतंत्र हवा, त्याचा पगार संघाच्या तिजोरीतून नको, आणि त्याचा शब्द शेवटचा हवा. डोक्याच्या दुखापतीनं बाहेर बसलेल्याची जागा आणि पगार दोन्ही राखले जावेत, म्हणजे त्याला खोटं बोलावं लागणार नाही. मारामारीला बाहेरचा रस्ता. आणि जो एक ठरावीक काळ या लीगमध्ये खेळला, त्याच्या मेंदूच्या उपचाराचा खर्च लीगनं मरेपर्यंत करावा, सीटीई सिद्ध करून दाखव असं न म्हणता. कारण सिद्ध होतो तेव्हा तो माणूस जिवंत नसतो.

हे अशक्य आहे असं सांगणाऱ्यांना मी लहान मुलांच्या हॉकीकडं बोट दाखवते. २०१० मध्ये कॅल्गरीच्या डॉक्टर कॅरोलिन एमरी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अकरा-बारा वर्षांच्या मुलांना बॉडी चेकची, म्हणजे समोरच्याला अंगानं धडक देण्याची, मुभा असलेल्या आल्बर्टात, ती नसलेल्या क्वेबेकच्या तुलनेत दुखापतींचा धोका तिपटीहून जास्त आहे. तेव्हाही आरडाओरडा झाला. पोरं मऊ होतील, कॅनडाची हॉकी बुडेल, असं बापलोक रिंकवर कॉफी घेऊन तावातावानं बोलायचे. २०१३ मध्ये हॉकी कॅनडा या देशाच्या हॉकी संघटनेनं त्या वयात बॉडी चेक बंद केला. हॉकी बुडाली नाही.

माझा मुलगा पुढच्या हंगामात त्या वयात जातोय, जिथं स्पर्धात्मक संघांत बॉडी चेक सुरू होतो. त्याला गोल फारसे जमत नाहीत. तो कोपऱ्यात जाणारा, आडवा पडणारा मुलगा आहे, आणि प्रशिक्षक त्याला ज्या शब्दांत शाबासकी देतात ते शब्द ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. ओंटारिओत रोवन्स लॉ नावाचा कायदा आहे. रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची रग्बी खेळणारी मुलगी २०१३ मध्ये डोक्याला लागोपाठ बसलेल्या माराने गेली. तिच्या नावानं २०१८ मध्ये हा कायदा झाला. त्यानुसार दरवर्षी मला आणि मुलाला कन्कशनची माहिती वाचून तसं लिहून द्यावं लागतं. संशय आला की खेळाडू बाहेर, आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय परत नाही. कायदा हौशी खेळांपुरता आहे. व्यावसायिक लीगच्या दारापाशी तो थांबतो.

या वर्षीचा कागद जेवणाच्या टेबलावर आहे. माझी सही झाली, मुलाचीही झाली. असाच एक कागद एनएचएलच्या ३२ मालकांपुढं दर हंगामाआधी ठेवला जावा आणि त्यावर त्यांच्या सह्या घेतल्या जाव्यात, अशी मागणी करणारं पत्र मी आमच्या भागाच्या खासदारांना लिहिलं आहे. आण्णांनी कोल्हापूरहून फोनवर विचारलं, उत्तर आलं का. अजून आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या कार्यालयात जाणार आहे, मुलाला सोबत घेऊन.